खंडेरावांनी नाकारलेलं निमंत्रण

मखमलाबादच्या खंडेराव काकडांना नाही म्हणता येत नाही, असं कुणी समजू नये. सोसायटीच्या निवडणुकीला उभं राहा म्हणून लोक दारात आले, तेव्हा त्यांनी नाही म्हटलं. मळ्याच्या बांधावर मोबाइलचा टॉवर उभारू द्या म्हणून एक टायवाला येऊन गेला, त्यालाही नाही म्हटलं. साखरेचं दुखणं निघाल्यापासून तर जिलेबीला ते नेहमीच नाही म्हणतात, निदान मालनबाई समोर असताना. जीभ अडते ती फक्त एका ठिकाणी. लग्नाचं निमंत्रण आलं, की नाही हा शब्द त्यांच्या तोंडात तयारच होत नाही.

निमंत्रण कुणाचंही असो. चुलत्याच्या साडूच्या पुतण्याचं असो, की कधीकाळी रस्त्यात हवा भरायला ज्याने पंप दिला होता त्याच्या मुलीचं असो. खंडेराव जाणार. स्कूटरच्या डिकीत पान्याशेजारी फेट्याचं एक कापड बारा महिने घडी घालून ठेवलेलं असतं. फेटे बांधणारा ऐनवेळी आला नाही, की मांडवात पहिली हाक त्यांना जाते. दिंडोरीपासून निफाडपर्यंत कितीतरी बाप्यांच्या डोक्याचा घेर त्यांच्या हातांना पाठ आहे. माणसाचं नाव ते विसरतील, डोकं विसरणार नाहीत.

आलेली पत्रिका ते टाकून देत नाहीत. वर गणपती छापलेला असतो, तो केरात कसा टाकायचा? त्यामुळे घराच्या माळ्यावर पत्रिकांचे गठ्ठे रचलेले आहेत.

"एवढे गणपती वर बसवलेत, आता एक पुजारीबी नेमा," मालनबाई म्हणतात. "मला तर खाली झोपायची भीती वाटते. माळा कोसळला तर सगळ्या गावाची लग्नं माझ्या एकटीच्या अंगावर यायची."

कॉम्प्युटर घरात आला तो सुनेचा, शुभांगीचा. ती सटाण्याकडची. लग्न होऊन आली तेव्हा वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीने मोर काढत बसायची. मग त्या मोरांची नक्षी झाली, नक्षी कॉम्प्युटरवर गेली आणि तिथून छापून ती ब्लाउजच्या पाठीवर उतरू लागली. गल्लीतल्या बायका लाकडी चौकटीला कापड ताणून बारीक आकड्याच्या सुईने ते मोर भरतात, त्याला आरीवर्क म्हणतात. येवल्याला पैठणी घेणाऱ्या नवऱ्या मुली शुभांगीच्या मोराचा ब्लाउज मागून घेऊ लागल्या. तिच्या मोराची मान अशी काही वळलेली असायची, की कुणीतरी मागून हाक मारली असावी.

खंडेरावांना या कॉम्प्युटरचा एकच उपयोग होता. मोबाइलवरची अक्षरं बारीक दिसतात म्हणून त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप मुलाने, शेखरने, त्यावर जोडून दिला होता. दुपारची जेवणं झाली, की ते चष्मा पुसून खुर्चीत बसत आणि आज कुठे कुणाचं लग्न ठरलं ते वाचत.

एका दुपारी अनोळखी नंबरावरून पत्रिका आली. नाव फक्त 'शुभविवाह'. खंडेरावांनी ती उघडायला टिचकी मारली. पडदा जरा मंदावला आणि मधोमध एक चौकट आली. वर इंग्रजीत एक लांबलचक प्रश्न आणि खाली दोन बटणं, येस आणि नो. प्रश्न त्यांनी वाचला नाही, पण मतलब सरळ होता. लग्नाचं बोलावणं आहे आणि खाली हो-नाही विचारलंय. म्हणजे येणार का, एवढंच तर विचारतायत! 'हल्लीचे लोक हुशार झाले बुवा,' त्यांना कौतुक वाटलं, 'ताटं किती मांडायची ते आधीच विचारून घेतात.' आणि त्यांनी येस दाबलं.

संध्याकाळपर्यंत सगळे मोर गेले. म्हणजे जागेवर होते, पण उघडत नव्हते. प्रत्येकाच्या नावाला एक विचित्र शेपूट फुटलं होतं आणि पडद्यावर इंग्रजीत खंडणीची चिठ्ठी होती. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा ज्ञानेश आला. तो चाळिशीचा, गोल पोटाचा आणि बोलायला एकदम मोकळा. पण त्या दिवशी त्यानेही खुर्ची मागे सरकवून मान हलवली. "दुसरीकडे कुठे साठवून ठेवलंय का, वहिनी?" त्याने विचारलं. ठेवलेलं नव्हतं.

शुभांगी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "असू द्या, आप्पा," आणि कुकर लावायला आत गेली. लग्नातले नाना तऱ्हेचे रुसवे खंडेरावांनी पाहिले होते, त्यातले निम्मे त्यांनी स्वतः काढले होते. मानपानाचा रुसवा साडीने जातो आणि जावयाचा अंगठीने. पण जी माणसं रुसतच नाहीत त्यांचं काय करायचं, ते त्यांना कुठल्याच मांडवात शिकायला मिळालं नव्हतं.

शुभांगी पुन्हा कागदावर मोर काढायला लागली. जुने काही तसेच्या तसे येईनात. मान वळायची, पण हाक ऐकू आल्यासारखी वळायची नाही. एकदा ती स्वयंपाकघरात शेखरला सांगत होती, ते खंडेरावांनी ओसरीवरून ऐकलं. "पुन्हा काढतेय मी, पण एकदाच. आता गेले तर परत हात लावणार नाही. सरळ कुठल्यातरी दुकानात नोकरी धरीन."

खंडेरावांच्या हातातला बिनसाखरेचा चहा त्या दिवशी जरा जास्तच कडू लागला.

दिवाळीनंतर नवा कॉम्प्युटर आला. तो जोडायला ज्ञानेश आला तेव्हा खंडेराव स्वच्छ टोपी घालून शेजारी बसले.

"लगेच इंटरनेट लावू नका," ज्ञानेश म्हणाला. "आधी याची राखण जागी आहे का ते बघू. आतमध्ये एक पहारेकरी असतो. बाहेरून जो येईल त्याला वेशीवर थांबवायचं, तू कोण, कुणाकडचा, ते विचारायचं आणि मगच आत घ्यायचं."

"म्हणजे सीमांतपूजन!" खंडेराव म्हणाले.

ज्ञानेशने क्षणभर विचार केला. "तसंच म्हणा. फक्त इथं पाय धुवायचे नाहीत."

मग इंटरनेट जोडलं, पण पहिलं काम एकच. कारखान्यातून निघाल्यापासून ज्या काही सुधारणा आल्या असतील, त्या सगळ्या आधी उतरवून घ्यायच्या. तोवर काही उघडायचं नाही आणि फुकटचं काही ओढायचं नाही. पडद्यावर एक गोल ठिपका फिरत राहिला. खंडेरावांनी खुर्ची दारात घेतली. शेखर कामावरून आला आणि सवयीने माउसकडे गेला, तर त्याला दटावलं, "हात लावू नको. नवरदेव अजून पारावर हाय. मांडवात आणायचा नाय."

त्यात पुतण्या गोरक्षने दिलेला पेनड्राइव्ह त्यांनी खिशातून काढला. आत व्हायरस मारायचं आणखी एक औषध होतं, तेही फुकट. "एकाला दोन असलेले बरे, काय?"

"आप्पा," ज्ञानेशने हात जोडले, "एक तर हे चोरीचं आहे. चोराकडून कुलूप आणून दाराला लावताय. आणि दुसरं म्हणजे, एका लग्नात दोन आचारी ठेवले तर काय होतं?"

खंडेरावांच्या डोळ्यांपुढे पिंपळगावचं ते लग्न उभं राहिलं. दोन आचाऱ्यांनी एकाच कढईसाठी झाऱ्यांनी मारामारी केली होती आणि वऱ्हाड शेवटी केळी खाऊन उठलं होतं. पेनड्राइव्ह निमूट खिशात परत गेला.

इथवर सगळं छान चाललं होतं. मग ज्ञानेश म्हणाला, "वहिनींचं खातं मुख्य. आप्पांना वेगळं पाहुण्याचं खातं करून देतो. त्यातून बघायचं सगळं, पण काही नवीन आत घ्यायचं झालं तर येस दाबून भागणार नाही. वहिनींचा परवलीचा शब्द लागेल."

पाहुण्याचं खातं! आयुष्यभर दुसऱ्यांच्या मांडवात ज्याला घरचा माणूस म्हणून पुढे बोलावलं, तो स्वतःच्या घरात पाहुणा झाला. ज्ञानेशचं चुकत नव्हतं, हेच जास्त लागलं. ते उठून मळ्यात गेले आणि झेंडूच्या ओळीतून उगीचच फिरून आले.

परतले तेव्हा शुभांगी ओसरीवर उभी होती. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि परवलीचा शब्द त्यांच्या कानात सांगितला. तो मालनबाईंच्या माहेरच्या एका म्हशीच्या नावावरून केलेला होता. यापेक्षा जास्त इथे सांगणं बरं नाही.

"ज्ञानेशभाऊंना सांगू नका," ती म्हणाली. "रागावतील. पण तुम्ही घरचे आहात, आप्पा. फक्त हो म्हणायच्या आधी एकदा विचारत जा."

"कुणाला?"

"ज्याचं निमंत्रण असेल त्याला."

म्हशीचं नाव खंडेरावांनी देवाच्या नावासारखं मनात ठेवलं. तरी रोज एकदा घोकून बघत, विसरलं तर नाही ना. ज्ञानेश एक छोटी डबी देऊन गेला होता. शुभांगी आठवड्याला मोर त्या डबीत उतरवून घेई, वायर काढे आणि डबी माळ्यावर गणपतींच्या गठ्ठ्यात ठेवी.

पण एका आठवड्यात येवल्याच्या मोठ्या दुकानाला दाखवायचे मोर ती रोजच काढत होती, ते डबीत जायचे राहिले होते. ते छापून घेऊन ती एके दिवशी सकाळीच येवल्याला गेली. शेखर पहिल्या पाळीला. खंडेराव न्याहारी करून कॉम्प्युटरपुढे बसले आणि पत्रिका आली. या वेळी नंबर अनोळखी नव्हता. साक्षात व्याह्यांचा, सटाण्याच्या मोतीरामांचा होता. फाइलचं नाव होतं, 'शुभविवाह, आग्रहाचे निमंत्रण'.

मोतीरामांचा मुलगा मल्हारी, म्हणजे शुभांगीचा धाकटा भाऊ, मागच्याच आठवड्यात मुलगी पाहून आला होता. म्हणजे जमलं! खंडेरावांचं बोट आपोआप पुढे गेलं. पहारेकऱ्याने चौकट पुढे केली. ही फाइल ओळखीची नाही, तरी उघडायची? खाली येस आणि नो. येस म्हणायचं तर परवलीचा शब्द.

शब्द त्यांच्याजवळ होता. बोट मात्र हवेत राहिलं.

त्यांनी मोतीरामांना फोन लावला. गुंतलेला. पुन्हा लावला, पुन्हा गुंतलेला. मल्हारी टेम्पो घेऊन सुरतेला गेलेला, त्याचा फोन बंद. तेवढ्यात मोबाइलवर शुभांगीचा निरोप आला: 'आप्पा, बाबांकडून पत्रिका आलीय! मल्हारीचं जमलं वाटतं! माझ्या मोबाइलवर उघडत नाहीये. संध्याकाळी येऊन कॉम्प्युटरवर बघते.' पुढे नाचणाऱ्या बाईची तीन चित्रं.

खंडेरावांनी निरोप दोनदा वाचला. तिला सांगायचं, उघडू नको? बहिणीला सांगायचं, की भावाच्या लग्नाची पत्रिका उघडू नको? आणि सांगणार कोण, तर ज्याने वाटेवरच्या कुणाच्याही लग्नाला येस म्हणून तिचे मोर घालवले तो? बरं, पत्रिका खरी निघाली तर मोतीराम आहेतच. शेखरच्या लग्नात खंडेरावांनी त्यांना बांधलेला फेटा ऐन वरातीत सुटला होता. तो मुद्दाम सैल बांधला असं धरून मोतीराम वर्षभर बोलले नव्हते. आता घरच्या लग्नाची पत्रिका पाहिलीच नाही म्हटल्यावर ते सुनेला माहेरीसुद्धा बोलवायचे नाहीत.

ज्याचं निमंत्रण असेल त्याला विचारा, ती म्हणाली होती. फोन लागत नसेल तर काय करायचं, ते म्हणाली नव्हती. पण फोन नव्हते तेव्हा माणसं काय करत, ते खंडेरावांना ठाऊक होतं.

त्यांनी डिकीतलं फेट्याचं कापड आणलं आणि कॉम्प्युटरच्या पडद्यापुढे टाकलं.

"हे काय नवीन?" मालनबाईंनी विचारलं.

"अंतरपाट हाय. मी येईपर्यंत कुणाला काढू देऊ नको. शुभांगी आली तरी."

"आणि तुम्ही कुठं चालले?"

"सटाण्याला. लग्न खरं हाय का, ते इचारून येतो."

मालनबाई कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत राहिल्या. "लोक लग्नाला जातेत. हे इचारायला चालले."

एसटीला गर्दी होती. पिंपळगावला कांद्याच्या टेम्पोंमागे गाडी अडकून पडली, तेव्हा खंडेरावांना वाटलं, आपण फार मोठा वेडेपणा करतोय. शेजारी बसलेल्या माणसाने कुठे निघालात म्हणून विचारलं. "लग्नाचं आहे," एवढंच सांगून त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. एवढी वर्षं आपण मांडवाकडे धावत गेलो, त्यात किती जणांना आपण खरंच हवे होतो? पत्रिका छापून येते, तिच्यावर आग्रहाचे हा शब्दही छापूनच येतो. आग्रह करणारा माणूस त्यात असतोच असं नाही, हे आजवर ध्यानात आलं नव्हतं. देवळा येईपर्यंत ते त्याच विचारात होते.

सटाण्याला मोतीराम ओट्यावर बसले होते. पुढ्यात मोबाइल पालथा ठेवला होता आणि तो पालथ्या किड्यासारखा थरथरत होता. खंडेरावांना पाहून ते ताडकन उठले.

"व्याही, तुम्हीबी अभिनंदन कराले उनात का?"

"नाही. विचारायला आलो. लग्न खरंच ठरलं का?"

मोतीरामांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि ते पुन्हा ओट्यावर बसले. "मना मल्हारीनं लगीन आजून ठरेलच नही शे! पोरीवाल्यासनी होकारच देयेल नही. आनि सकायपासून हाई दुनिया माले फुलं धाडी ऱ्हायनी!"

आदल्या रात्री त्यांनी कुणाचीतरी पत्रिका म्हणून एक फाइल उघडली होती. तेव्हापासून मोबाइल त्यांचा राहिला नव्हता. त्यांच्या नावाने तोच सगळीकडे आमंत्रणं वाटत सुटला होता. ज्याला मिळालं तो अभिनंदनासाठी फोन करत होता, म्हणून फोन कुणाला लागत नव्हता. मुलीकडच्यांनाही पत्रिका गेली होती.

"माले वाटनं, माले एकल्यालेच कयत नही," मोतीराम हळू आवाजात म्हणाले. एवढ्या मानी माणसाची मान खाली गेलेली खंडेरावांनी कधी पाहिली नव्हती.

"एकल्यालाच कशाला?" ते शेजारी टेकले. "मी तर येस म्हणून ताटसुद्धा मांडून घेतलं होतं." आणि त्यांनी मोरांची सगळी हकिगत सांगितली. आधी मोतीरामांच्या मिशा हलल्या आणि शेवटी दोघे व्याही ओट्यावर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

हसणं ओसरल्यावर मोतीराम म्हणाले, "सारा जगनी अंगठा धाडा. दारी चालून तुम्हीच उनात."

"आता दारोदार चालून चालणार नाही, फोनच करायला हवेत," खंडेराव म्हणाले. त्यांनी आधी शुभांगीला लावला. ती परतीच्या गाडीत होती, दोनदा लावूनही रेंज मिळेना. मग स्वतःच्या मोबाइलवरून वणी, ओझर, दिंडोरी, चांदवड अशी फिरती सुरू झाली. आयुष्यभरातल्या लग्नांची कमाई त्या दुपारी कामाला आली. कुठल्या गावात कुणाला सांगितलं म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळी भाऊबंदकी सावध होईल, ते त्यांना बरोबर ठाऊक होतं. "हॅलो, खंडेराव काकड बोलतोय. मल्हारीची पत्रिका आली असंल तर उघडू नका. लग्न ठरलं की मी स्वतः सांगेन... नाय नाय, मोडलं नाय, ठरलंच नाय!" पलीकडे एकाने अहेराची पातेली आणून ठेवली होती. त्याचं समाधान करायला जरा वेळ लागला.

मुलीकडे मोतीराम स्वतः गेले, बोलावणं नसताना. खुलासा करायला जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, पण त्या दिवशी गेले. वाटेत एसटीपर्यंत सोडताना त्यांनी खंडेरावांच्या हातात डाळिंबांची पिशवी दिली आणि म्हणाले, "खरं ठरनं ना, ते पहिली अक्षद तुमले. आनि फेटा तुम्हीच बांधा. घट्ट."

दिवेलागणीला खंडेराव घरी पोचले. शुभांगी आधीच आली होती. कॉम्प्युटरपुढे अंतरपाट होता आणि अंतरपाटापुढे मालनबाई, हातात लाटणं घेऊन.

"आप्पा, हे काय चाललंय?" शुभांगी वैतागली होती. "आई हातच लावू देत नाहीत. माझ्या भावाची पत्रिका आहे!"

"तुझ्या भावाची नाय," खंडेराव म्हणाले आणि पिशवी ठेवून सगळं सांगितलं. एसटी, फुलं, ओटा, फोन.

शुभांगी खुर्चीत बसली. पदराने तिने कपाळ पुसलं. ती म्हणाली, "मी असते तर उघडलीच असती. विचार न करता. म्हशीचं नाव सगळ्यांत आधी टाकलं असतं."

"माझंबी बोट गेलंच होतं," खंडेराव म्हणाले.

मग तिने हळूच फेट्याचं कापड बाजूला केलं. सकाळची चौकट तशीच उभी होती. येस आणि नो, दोन्ही उत्तराची वाट बघत. मागच्या बाजूला पडद्यावर लावलेला शुभांगीचा नवा मोर अर्धा झाकलेला होता, मान वळवलेला.

ती उठून उभी राहिली. "बसा आप्पा. तुम्हीच उत्तर द्या."

खंडेराव खुर्चीत बसले. त्यांनी टोपी सारखी केली. माउसवर हात ठेवला आणि बाण हळूहळू नो वर नेला. इथे आल्यावर त्यांचं बोट पुन्हा एकदा अडलं. एवढ्या वयात लग्नाला नाही म्हणायची ही पहिलीच वेळ, मग लग्न खोटं का असेना. त्यांनी डोळे मिटून टिचकी मारली. चौकट गेली आणि मोर पूर्ण दिसू लागला.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

खंडेरावांनी सुटकेचा श्वास सोडला. मग सवयीने हात जोडून पडद्याकडे जरा वाकले आणि म्हणाले, "राग मानू नका, हां. जमणार नाय."